पगारदार ते भागीदार : ‘प्रभात’च्या दामलेमामांची गोष्ट

कोल्हापुरात १ जून १९२९ रोजी ‘प्रभात फिल्म कंपनी’ सुरू झाली. तिचे भागीदार पाच. त्यातले चौघे कालपरवापर्यंत दुसऱ्याच्या कंपनीत पगारावर राबणारे होते. विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर हे ते चौघे. पाचवे सीतारामपंत कुलकर्णी. ते कोल्हापुरातले सराफ, त्यांनी पैशाची बाजू उचलली.

या पाचांपैकी शांतारामांचं नाव पुढे देशभर गाजलं. दामल्यांचं नाव मात्र बहुतेकांना ‘दामले-फत्तेलाल’ या जोडनावातच माहीत आहे. ‘संत तुकाराम’ पाहिलेल्या माणसालाही दिग्दर्शक कोण हे आठवावं लागतं. स्टुडिओत त्यांना सगळे दामलेमामा म्हणत आणि फत्तेलालना साहेबमामा. मालक झाल्यावरही मामाच राहिलेला हा माणूस नोकरीतून भागीदारीत कसा आला आणि भागीदार झाल्यावर काय करत राहिला, ते आजही समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवात पडद्यापासून

विष्णुपंत गोविंद दामले यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ चा, कोकणातल्या पेणचा. चित्रकलेची ओढ होती. ती त्यांना कोल्हापूरला घेऊन आली. तिथे आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांचं नाव गाजत होतं. मूळ आडनाव मेस्त्री, पण कामावरून ‘पेंटर’ हेच नाव चिकटलं. ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत.

तो काळ संगीत नाटकांचा. राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ हे सगळं कापडावर रंगवलेलं असे. पडदा वर गेला की पहिली दाद कित्येकदा पडद्यालाच मिळायची. १९०८ मध्ये हुबळीत उभी राहिलेली केशवराव भोसले यांची ‘ललितकलादर्श’ मंडळी असो की दुसरी कुठली मोठी कंपनी, चांगल्या पडद्यांसाठी पेंटर बंधूंकडे येणं ठरलेलं. त्यांच्या हाताखाली दामले तयार झाले. इथेच त्यांना फत्तेलाल भेटले. फत्तेलाल कागलचे, म्हणजे कोल्हापूरहून निपाणीकडे जाताना लागतं त्या गावचे, आणि वयाने दामल्यांपेक्षा काही वर्षांनी मोठे. एक कोकणस्थ ब्राह्मण, दुसरा मुसलमान. पण दोघांची जोडी अशी जमली की ती दामल्यांच्या मृत्यूपर्यंत तुटली नाही.

कॅमेरा मिळत नाही, तर बनवायचा

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. आनंदराव आणि बाबूरावांनी चित्रपट काढायचंच मनावर घेतलं. पण कॅमेरा कुठून आणायचा? पहिलं महायुद्ध सुरू झालेलं, परदेशी यंत्रं मिळणं अवघड, आणि मिळाली तरी खिशाला न परवडणारी. मग कॅमेरा इथेच बनवायचं ठरलं. १९१६ मध्ये आनंदराव अकालीच गेले. काम अर्धवट राहिलं. बाबूरावांनी ते हट्टाने पुढे नेलं आणि त्या खटपटीत त्यांच्या बरोबरीने उभे होते दामले.

ब्रश धरणारा हात आता स्क्रू, भिंगं आणि दातेरी चाकांत रमला. यंत्रशास्त्राचं कुठलं शिक्षण नाही. यंत्र उघडायचं, बघायचं, पुन्हा जोडायचं, चुकलं तर परत उघडायचं, हीच शाळा. पुढे दामल्यांनी आयुष्यभर जे काम केलं, त्याचा पाया इथे पडला.

दहा वर्षांची उमेदवारी

बाबूरावांनी ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ काढली. कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा दिला. शाहू महाराजांचा आश्रय होता. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला आणि कंपनीचं नाव झालं. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. पुढे ‘सिंहगड’ आला, ‘सावकारी पाश’ आला.

या कंपनीत कामाची वाटणी अशी नव्हतीच. सकाळी सेटचे खिळे ठोकणारा माणूस दुपारी मिशी लावून सैनिक व्हायचा आणि संध्याकाळी फिल्म धुवायला बसायचा. शांतारामही इथेच आले. त्याआधी हुबळीत रेल्वेच्या कारखान्यात आणि एका सिनेमागृहात पडेल ते काम त्यांनी केलं होतं. कोल्हापुरात सुरुवातीला तर ते बिनपगारीच राबले.

दामले वयाने आणि अनुभवानेही या पोरांचे वडीलधारे. चित्रीकरण, फिल्म धुणं, छपाई, यंत्रांची देखभाल यात त्यांचा हात बसला. फत्तेलालांनी वेशभूषा, सेट, चित्रचौकट यांत डोळा कमावला. १९२८ मध्ये ‘महारथी कर्ण’ या चित्रपटाचं दिग्दर्शन या दोघांनी मिळून केलं. त्याआधी ‘नेताजी पालकर’ शांतारामांनी दिग्दर्शित केला होता. म्हणजे चित्रपटाची पहिली चौकट रंगवण्यापासून शेवटची रीळ छापण्यापर्यंत सगळं काम ही मंडळी स्वतःच्या हाताने करू शकत होती. करतही होती.

मालकीत वाटा मात्र नव्हता. नफा झाला तर तो वरच्या वर, तोटा झाला तर महिन्याच्या पगाराची चिंता. पुढचा चित्रपट कोणता काढायचा हे ठरवण्याचा हक्कही आपला नाही. बाबूराव मोठे कलावंत होते आणि या सगळ्यांचे गुरूही. पण कंपनीच्या कारभारात मतभेद वाढत गेले. गुरूबद्दलचा आदर एका बाजूला आणि आपल्या कष्टांचं पुढे काय, हा प्रश्न दुसऱ्या बाजूला. शेवटी चौघांनी बाहेर पडायचं ठरवलं.

छत्तिसाव्या वर्षीची उडी

तेव्हा दामले ३६ वर्षांचे होते. शांताराम २७ चे. फत्तेलाल तर चाळिशी ओलांडलेले. सत्तावीसच्या माणसाला पडून पुन्हा उठायला वेळ असतो. घरसंसार असलेल्या माणसाचं तसं नसतं.

भागीदार होणं म्हणजे पेढे वाटण्याचीच बाब, असं आज वाटतं. पण भागीदारीचा जुना नियम कडक आहे. नफ्यात जसा वाटा, तसा तोट्यातही. पेढी बुडाली तर देणेकरी भागीदाराच्या घरापर्यंत येऊ शकतो. पगारदाराची जबाबदारी पहिल्या तारखेला संपते, भागीदाराची तिथूनच सुरू होते. शिवाय ज्या धंद्यात ही मंडळी उतरत होती, त्या धंद्याला तेव्हा बँक दारात उभं करत नव्हती. एक चित्रपट पडला की कंपनी बंद, असं सगळीकडे चाललेलं. म्हणूनच कुलकर्ण्यांसारख्या सराफाने पैसा घालणं मोलाचं होतं. चौघांकडे कसब होतं, त्यांच्याकडे तिजोरी होती.

कोल्हापुरातच नवी कंपनी उभी राहिली. ज्या गावात गुरूंची कंपनी, त्याच गावात शिष्यांची. हे सोपं नव्हतं. ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ नंतर फार काळ चालली नाही. चांगली माणसं गेल्यावर जे होतं तेच झालं. मात्र बाबूराव पेंटरांनी घडवलेल्या माणसांनीच पुढे मराठी चित्रपट उभा केला, हेही तितकंच खरं.

बोलपटाची परीक्षा

‘प्रभात’चा पहिला चित्रपट ‘गोपाळकृष्ण’, १९२९ चा, मूक. त्यानंतर ‘खुनी खंजर’, ‘राणीसाहेबा’, ‘उदयकाल’ असे मूकपट आले. ‘उदयकाल’चं मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’. ‘स्वराज्य’ हा शब्द इंग्रज सरकारच्या सेन्सॉरला खटकला आणि नाव बदलावं लागलं.

कंपनीचा जम बसतोय न बसतोय तोच जमीन हलली. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ लागला आणि चित्रपट बोलू लागला. मूकपट काढणाऱ्या कंपन्यांपुढे दोनच वाटा राहिल्या. ध्वनियंत्रासाठी मोठा खर्च करायचा, नाहीतर दुकान मिटायचं. पाच भागीदारांनी खर्च करायचं ठरवलं. पगारदार असताना असा निर्णय दुसऱ्याने घेतला असता. आता स्वतःच्याच मानेवर होता.

यंत्र आलं, पण ते चालवणार कोण? ही जबाबदारी दामल्यांनी घेतली. वयाच्या अडतिशीत, यंत्रशास्त्राची कुठली पदवी नसताना, ते ध्वनिमुद्रण शिकले. त्या वेळी गाणं आधी ध्वनिमुद्रित करून नंतर ओठ हलवायची सोय नव्हती. नट कॅमेऱ्यासमोर खराखुरा गायचा, साथीदार चौकटीबाहेर दडून वाजवायचे आणि मायक्रोफोन कुठेतरी झाडामागे, खांबामागे लपवायचा. एक सूर घसरला, कुठे भांडं पडलं, बाहेर कुत्रं भुंकलं, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. हे सांभाळायला कान तयार लागतो आणि डोकं थंड. दामल्यांकडे दोन्ही होतं.

‘प्रभात’चा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईत झळकला. मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित केलेला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गा खोटे तारामती. टेंबे यांनीच संगीत दिलं. हे तेच टेंबे, जे १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर ‘किर्लोस्कर’ मंडळी सोडून ‘गंधर्व नाटक मंडळी’चे भागीदार झाले होते. नटांनी नोकरी सोडून भागीदारीत कंपनी काढायची ही रीत नाटकवाल्यांत आधीपासूनच होती. ‘प्रभात’ने ती सिनेमात आणली.

पुण्याला मुक्काम

१९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. एरंडवण्याच्या मोकळ्या माळावर मोठा स्टुडिओ उभा राहिला. कंपनीच्या नावावरून आजचा प्रभात रोड. गाव सोडताना कोल्हापूरकरांना वाईट वाटलंच. पण वीज, रेल्वे, मुंबईची जवळीक या सोयी पुण्यात होत्या.

इथे भागीदारांनी कामं वाटून घेतली. शांताराम दिग्दर्शन बघत, फत्तेलाल कलाबाजू, धायबर कॅमेरा, कुलकर्णी हिशेब. ध्वनी, प्रयोगशाळा आणि तांत्रिक बाजू दामल्यांकडे. प्रेक्षकाला ज्याचं नाव कधी कळत नाही, पण जे बिघडलं तर चित्रपट दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, असं हे खातं. मालक म्हणून त्यांना दुसरं चमकदार खातं मागता आलं असतं. त्यांनी ते मागितलं नाही.

‘अमृतमंथन’, ‘धर्मात्मा’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ हे सगळे ‘प्रभात’चे. ‘धर्मात्मा’त बालगंधर्व संत एकनाथ झाले. ‘माणूस’मधल्या शांता हुबळीकर यांच्या नावातच हुबळी आहे. आणि पुण्यातलं ‘प्रभात’ चित्रपटगृह उभं राहिलं ते इंदूरच्या सरदार किबे यांच्या मालकीच्या वास्तूत. बेळगाव-हुबळीपासून इंदूरपर्यंतच्या मराठी माणसांचा या ना त्या रूपाने ‘प्रभात’शी संबंध आला, तो असा.

तुकाराम

१९३६ च्या डिसेंबरात ‘संत तुकाराम’ पडद्यावर आला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळे यांचं. तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. ते एकेकाळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. जिजाईच्या भूमिकेत गौरी. ही बाई ‘प्रभात’मध्ये किरकोळ कामं करत करत पुढे आलेली, नटी म्हणून नाव नसलेली. तिने जी जिजाई उभी केली, ती आजही कुणाला विसरता येत नाही. म्हशीवर ओरडणारी, देवावर चिडणारी, पोरांच्या पोटाची काळजी करणारी, पण नवऱ्यावर जीव असणारी. दामले-फत्तेलालांनी नाव बघितलं नाही, काम बघितलं. स्वतः खालून वर आलेल्या माणसांना खालच्या माणसाचं कसब लवकर दिसतं.

चित्रपटात डामडौल नाही. देहू खेड्यासारखंच दिसतं. माणसं दळतात, शेत राखतात, चालता चालता गातात. गाणं मुद्दाम घातल्यासारखं वाटत नाही, कामातूनच येतं. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेलं एक गीत इतकं बेमालूम मिसळलं की अनेकांनी ते तुकोबांचाच अभंग मानलं. आणि चमत्कारांची दृश्यं? धान्याची रास, वैकुंठाला जाणारं विमान ही सगळी यंत्रांची करामत. पडदे रंगवण्यात आणि कॅमेरा जोडण्यात गेलेली दामल्यांची वर्षं इथे कामी आली.

मुंबईत हा चित्रपट वर्षभराहून जास्त चालला. गावोगावी फिरत्या तंबूंत लोक चपला बाहेर काढून बसत, पडद्यावरच्या तुकोबांना हात जोडत. १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. आपल्याकडच्या चित्रपटाला परदेशात असा मान मिळणं तेव्हा नवलाचंच होतं. यानंतर ‘गोपाळकृष्ण’ पुन्हा बोलपट म्हणून आणि १९४० मध्ये ‘संत ज्ञानेश्वर’ ही दामले-फत्तेलाल जोडीची मोठी कामं.

भागीदार पांगले

भागीदारी जमवायला अवघड, टिकवायला त्याहून अवघड. धायबर तिसाच्या दशकातच बाहेर पडले. ‘प्रभात’चे चित्रपट वितरित करणारे ‘फेमस पिक्चर्स’चे बाबूराव पै पुढे भागीदार झाले. बाहेरून व्यवहार करणारा माणूस घरात घ्यायचा, हीही एक बढतीच. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत ‘राजकमल’ उभारलं. ज्या माणसाभोवती कंपनीचं नाव फिरत होतं, तोच गेला.

दामले आणि फत्तेलाल मागे राहिले. सोडून जाण्याऐवजी त्यांनी गाडा ओढला. १९४४ चा ‘रामशास्त्री’ याच काळातला आणि तो गाजलाही. पण दामल्यांची प्रकृती साथ देईना. ५ जुलै १९४५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय अवघं ५२. पेंटरांच्या कारखान्यात रंग कालवत सुरू झालेली फत्तेलालांची सोबत इथे संपली. फत्तेलाल १९६४ मध्ये गेले.

दामल्यांनंतर ‘प्रभात’ काही वर्षं चालली. १९४६ च्या ‘हम एक हैं’मधून देव आनंद नावाचा तरुण पडद्यावर आला, तो इथेच. पण पाच जणांची एकजूट राहिली नव्हती. १९५३ मध्ये कंपनीचा कारभार आटोपला. चोवीस वर्षांचा पसारा.

मागे काय राहिलं

प्रभातच्या जागेवर १९६० मध्ये सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. देशभरातली मुलं तिथे कॅमेरा, ध्वनी, संकलन, दिग्दर्शन शिकायला येतात. ‘प्रभात’चा जुना स्टुडिओ अजून तिथे आहे. ज्या माणसाने कुठल्याही वर्गात न बसता ध्वनिमुद्रण शिकून घेतलं, त्याच्याच स्टुडिओत आज ध्वनिमुद्रणाचे वर्ग भरतात.

सीमाभागातल्या कितीतरी घरांत आज मुलगा किंवा मुलगी पुण्यात, बेंगळुरूत, हैदराबादेत कुठल्यातरी कंपनीत नोकरीला आहे. कधी फोन येतो की भागीदार केलं. घरात पेढे येतात, नातेवाइकांना कळवलं जातं, आणि ते व्हायलाच हवं. दामल्यांच्या आयुष्यात असा दिवस आला तो १ जून १९२९ चा. त्या दिवशी त्यांना खुर्ची कुणी दिली नाही. दहा-बारा वर्षांत हाताला जे येत गेलं, त्याच्या जोरावर ते बरोबरीने बसले. आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा प्रयोगशाळेत फिल्म धुवायला उभे राहिले. भागीदार झाल्यावर त्यांची कामाची जागा बदलली नाही. जोखीम तेवढी वाढली, आणि ती त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.